लांब चमचा, आखूड चमचा

वेलिंग्टन, ३ मे

ती. आजीस दासोमचा सा. न.

फोनवर तू ऐकून न ऐकल्यासारखं करतेस, म्हणून पत्र. माझा व्हिसा जूनअखेर संपतोय. हेमिशबरोबर राहते म्हणून इथं राहायचा परवाना मागितलाय. लग्न नाही, तेव्हा वर्षभर एका घरात राहिल्याचा पुरावा हवा. राहतोय दीड वर्ष, पण भाडेकरारात माझं नाव या फेब्रुवारीत चढलं. त्याआधीचा, दोघांची नावं आणि हा पत्ता असलेला कागद नाही मिळाला, तर सामान बांधून तुझ्याकडे गोहुंगला यावं लागेल. तुझ्या पार्सलांच्या पावत्या आहेत का गं? हेमिशच्या आईनं, वेंडीबाईंनी, दोन पानी साक्षपत्र दिलंय. सोबत त्यांच्याकडचा फोटो.

तुझ्या शिव्यांचीही वाट पाहणारी,
दासोम

गोहुंग, १४ मे

चि. दासोमला आशीर्वाद, फक्त तुझ्या वाट्याचे.

पावत्या उंदरांनी खाल्ल्या.

फोटो पाहिला. वेंडीबाईंचा हात तुझ्या खांद्यावर, अंगात त्यांनी विणलेला स्वेटर. माझं फुलाफुलांचं कापसाचं जाकीट कुठे गेलं? कुत्र्याला घातलंस? सहा वर्षांची होतीस तेव्हापासून तुला मी वाढवलं, आणि दीड वर्ष केक चारून त्या साक्षीदार! सत्तराव्या वर्षी लिहायला शिकले ते काय त्या पोराची शिफारस लिहायला? गावच्या सभागृहात जमणाऱ्या बायकांना सांगून टाकलंय, पोरगी जुलैत येतेय म्हणून. तुझी खोलीही झाडली.

माया पातळ करू नये, एवढंच मागणं.
आजी

वेलिंग्टन, २५ मे

ती. आजीस सा. न.

उंदरांपुढे कुणाचं चालतं! तिकीट बघते. हेमिश जेवत नाहीये. जाकीट मी घरात रोज घालते, फोटोपुरतंच काढलं होतं. वेंडीबाईंच्या साक्षपत्रात तू पाठवलेले चमचेही आलेत. गेल्या वर्षी पहिल्यांदा जेवायला आल्या तेव्हा टेबलावर एक लांब, एक आखूड चमचा पाहिला आणि ही दोघं एक घर झाली हे कळलं, असं त्यांनी लिहिलंय. पण व्हिसाचं खातं म्हणतं, आईचा शब्द पुरत नाही.

जुलैपर्यंत राग पुरवून वापर.
दासोम

गोहुंग, ४ जून

चि. दासोमला आशीर्वाद, उरले असतील तेवढे.

माझ्या चमच्यांची साक्ष वेंडीबाईंनी द्यावी? बाजारात तीन दुकानं मी हिंडले की त्या? आणि कौतुकानं नव्हते पाठवले. तो तुझ्याच चमच्यानं रस्सा पितो म्हणालीस, म्हणून त्याचा वेगळा केला. पुरुषाचा लांब असतो, म्हणून लांब.

सोबत पाच पावत्या. तांदळाच्या रांजणात होत्या, तिथे उंदीर जात नाही. पहिलं पार्सल परत आलं होतं, आठवतं? तुमच्या टपालपेटीवर त्याचं एकट्याचं नाव. मग पोस्टातल्या मुलीला सांगितलं, वर त्याचं घाल, खाली माझ्या पोरीचं. तिनं विचारलं, जावई का. मी म्हटलं, तू चिकटपट्टी लाव. त्याच पावतीवर गेल्या वर्षीच्या जानेवारीची तारीख आहे, आणि मालाच्या रकान्यात चमचे आणि जेवायच्या काड्या, दोन संच. खात्याला सांग, वेंडीबाई जेवायला यायच्या आधीपासून मी ओळखते तुम्हा दोघांना.

बायकांना काय सांगायचं ते मी बघते. तुझ्या खोलीत लसूण वाळत घातलाय.

तुझा चमचा इथे फडताळात धुऊन ठेवलाय. त्याच्यासाठी लांब चमचा या घरात नाही. यायचं तर आपला घेऊन यायचा.

लोभ आधी माझ्यावर, मग बाकीच्यांवर.
आजी