ऑस्ट्रेलियाचा जावई

३ मार्च
व्हिसा आला. येणारच होता. उनाइसी फोनवर रडली, मी शांत होतो. बायकांना प्रत्येक गोष्टीत चमत्कार दिसतो. ती सिडनीत जन्मलेली, तिथली नागरिक. मी तिचा लग्नाचा नवरा. म्हणजे सरळ हिशोबाने मी ऑस्ट्रेलियाचा जावई. जावयाला दारात कोण अडवतं?

तिला आठवा महिना लागतोय. नंतर विमानात बसू देत नाहीत, म्हणून ती आधीच फिजीतून सिडनीला परत गेली. बाळ यायच्या आत तू इथे हवास, असं तिने बजावलं. मी म्हटलं, सगळं माझ्यावर सोड. पलीकडून फोन कट झाला. लाइन खराब असावी.

६ मार्च
हॉटेलची नोकरी सोडली. मॅनेजर म्हणाला, काही हरकत नाही, बीचवर पाहुण्यांना नारळ सोलून दाखवणारा दुसरा मिळेल. अडाणी माणूस. मी तिथे पर्यटन सांभाळत होतो. नारळ हे निमित्त.

आजपासून संकल्प: रोज इंग्रजी उच्चारांची प्रॅक्टिस. उद्यापासून. आज निरोपसमारंभ आहे.

९ मार्च
पेसेली मामा आले. मामा एका मोसमात न्यूझीलंडला सफरचंदं तोडून आलेत, त्यामुळे परदेश या विषयात गावात त्यांचा शब्द शेवटचा. म्हणाले, भाच्या, काउंटरवरची माणसं नवराबायको खरे की खोटे ते खोदून खोदून विचारतात. बायको कुठल्या कुशीवर झोपते, तिचा टूथब्रश कुठल्या रंगाचा, असलं सगळं.

लगेच उनाइसीला फोन केला. टूथब्रश हिरवा. इथे असताना तोच तू वापरत होतास, असंही तिने सांगितलं. माहितीबद्दल आभार मानले.

१४ मार्च
उनाइसीच्या सूचना आल्या. विचारतील तेवढंच बोल. हो, नाही, थँक्यू. तुझे विनोद फिजीतच ठेवून ये. हात जोडते, आपिसाई, एकदा परत पाठवलं तर पुन्हा येईपर्यंत पोर चालायला लागेल.

हे मला पटलेलं नाही. समोरचा हसला की काम झालं, हा माझा बीचवरचा अनुभव. पण बाई पोटुशी आहे, कुठे वाद घालायचा? शब्द दिला.

प्रॅक्टिस अजून सुरू झालेली नाही. घसा धरलाय.

१८ मार्च, एअरपोर्ट
आईने डालोचे उकडलेले कंद आणि धुरावलेला मासा बांधून दिला होता. तिकडे असलं काही आत नेऊ देत नाहीत, हे मला इथे रांगेत कळलं. टाकून देणं म्हणजे आईचा अपमान. उभ्याउभ्या सगळं संपवलं. शेजारच्या बाईने जागा बदलली.

मन अगदी शांत.

१९ मार्च, सिडनी, रांगेत
नागरिकांच्या रांगेत उभा राहिलो. ही रांग छोटी आहे आणि जावयाला शोभेशी आहे. एका पोरसवदा बाईने विचारलं, पासपोर्ट कुठला? मी म्हटलं, बायकोचा इथला आहे. ती म्हणाली, मग बायकोला आणा.

आता लांब रांगेत आहे. काही बिघडत नाही. सासरी पहिल्यांदा आलं की जरा ताटकळावं लागतंच.

उनाइसीचा मेसेज आला की ती बाहेर उभी आहे. बस म्हणावं तर ऐकणार नाही. उत्तर पाठवलं: आलोच.

१९ मार्च, थोड्या वेळाने, एका खोलीत
झालं ते नीट लिहून ठेवतो, म्हणजे चूक कुणाची ते स्पष्ट राहील.

काउंटरवर एक धिप्पाड गृहस्थ होते. बिल्ल्यावर नाव वाकानिसाऊ. म्हणजे आपलाच फिजीचा माणूस! त्यांनी माझ्या पासपोर्टवर गावाचं नाव वाचलं आणि मिशीतल्या मिशीत हसले. हळूच आपल्या भाषेत म्हणाले, मी नासेयानाचा.

नासेयाना! त्यांचं गाव आणि आमचं गाव एकमेकांचे ताउवू. दोन्ही गावांचे मूळपुरुष एकाच घरचे, म्हणून एकमेकांचा यथेच्छ पाणउतारा करायचा हा आमचा वाडवडिलांपासूनचा हक्क. मयतालासुद्धा सुट्टी नाही. ज्याला राग आला तो हरला.

आणि सुरुवात त्यांनी केली, हे मी अधोरेखित करतो. म्हणाले, काय हो, तुमच्या गावात अजून वल्हं उलटंच धरतात का?

आता काय करायचं? एकीकडे बायकोला दिलेला शब्द, दुसरीकडे अख्ख्या गावाचं नाक. मी म्हटलं, सरळ वल्ही तुमच्या आजोबांनी चोरून नेली, उरली ती उलटी. गृहस्थ खुदकन हसले. मग एकदम चेहरा सरकारी करून इंग्रजीत विचारलं, बायकोकडे आलात का?

एवढा छान चेंडू आला, सोडणार कोण? मी आपल्या भाषेत म्हटलं, कसली बायको? दोन डुकरं मोजून पासपोर्ट घेतला, बायको वर फुकट मिळाली!

त्यांच्या मागे एक वयस्कर मॅडम उभ्या होत्या. बिल्ल्यावर ब्रॉनविन. त्यांनी विचारलं, एवढं हसण्यासारखं काय आहे? वाकानिसाऊ हसू आवरून मला डोळ्यांनी काहीतरी सांगू लागले. पण मॅडमना एकटं पडल्यासारखं वाटू नये, म्हणून मी अख्खा विनोद त्यांना इंग्रजीत सांगितला. सावकाश. उच्चार फार सुंदर झाले.

मॅडम हसल्या नाहीत. त्यांचं गाव कुणाचंच ताउवू नसावं.

१९ मार्च, तीच खोली
मला स्वतंत्र खोली दिली आहे. खुर्च्या जमिनीला ठोकलेल्या. इथे चोऱ्या होत असाव्यात.

वाकानिसाऊंनी मॅडमना ताउवूची सगळी पद्धत समजावली म्हणे. मॅडम म्हणाल्या, तुमची परंपरा सुंदर आहे, पण हा माणूस माझ्या काउंटरवर म्हणाला की लग्न पासपोर्टसाठी केलं. आता मला तपासावंच लागेल. वर म्हणाल्या, संध्याकाळी फिजीचं विमान आहे. मी म्हटलं, माझं तिकीट एकाच बाजूचं आहे. त्या म्हणाल्या, त्याची व्यवस्था आम्ही करू.

केवढं आदरातिथ्य.

१९ मार्च, अजून तीच खोली
प्रश्न विचारून झाले. टूथब्रशचं कुणी काही विचारलं नाही. पेसेली मामांना सफरचंदाच्या झाडावरून कुणीतरी ढकलायला हवं होतं.

विचारलं ते भलतंच. बाळंतपण कुठल्या हॉस्पिटलात आहे? मी म्हटलं, चांगल्या. डॉक्टर शेवटचं काय म्हणाले? मी म्हटलं, ते बायकांचं बायका बघतात. उनाइसीला सध्या कशाची भीती वाटते? मी छाती पुढे काढून सांगितलं, माझी बायको कशालाच घाबरत नाही.

मॅडमनी तेवढंच कागदावर उतरवून घेतलं.

शर्टाची बटणं गळ्यापर्यंत लावली. खोलीत एसी फार आहे. खोटं कशाला लिहू, घाबरलोय मी. ती बाहेर उभी आहे आणि मी इथे डुकरांचा विनोद करून बसलोय.

१९ मार्च, शेवटी
मॅडमनी उनाइसीला फोन लावला आणि स्पीकर चालू केला. विचारलं, तुमच्या नवऱ्याबद्दल सांगा. आधी एक सुस्कारा ऐकू आला. मग ती म्हणाली, बोलला वाटतं?

आणि पुढे जी सुटली! मॅडम, त्याला गप्प बस म्हणून मी आठवडाभर कानीकपाळी ओरडले. हा माणूस देवालासुद्धा पहिला विनोद ऐकवील आणि मग नमस्कार करील. म्हणतो पर्यटन सांभाळत होतो, नारळ सोलायचा. ओला टॉवेल माझ्या उशीवर टाकतो. मी उलट्या करत होते तेव्हा हा शेजारी बसून तळलेला मासा खात होता आणि वर विचारत होता, तुला हवाय का? खोटंच लग्न करायचं असतं तर चहा तरी करता येणारा बघितला नसता का? असला नवरा कुणी दाखवायला आणतं का हो?

मॅडमनी पेन खाली ठेवलं. विचारलं, मग तो तुम्हाला इथे का हवाय?

उनाइसीचा आवाज एकदम लहान झाला. म्हणाली, मला भीती वाटते, मॅडम. रात्रभर झोप लागत नाही. माझी आई पहिल्या बाळंतपणातच गेली. हे मी त्याला कधी सांगितलं नाही, तो विनोद करील म्हणून. पण तो शेजारी असला की मला हसू येतं. त्याला पाठवू नका परत.

मॅडमनी माझ्याकडे बघून विचारलं, हे सगळं खरं आहे का? टॉवेल, नारळ, मासा?

माझ्याकडे प्रत्येकाचं स्पष्टीकरण तयार होतं. मी म्हटलं, हो.

त्यांनी शिक्का मारला. म्हणाल्या, एवढी तक्रार भाड्याने मिळत नाही.

दारापर्यंत वाकानिसाऊ सोडायला आले. कॅमेऱ्याकडे पाठ केली आणि म्हणाले, दोन डुकरं देऊन हा सौदा? डुकरं फसली. मी सरळ नमस्कार केला. आमचं गाव हरलं.

बाहेर उनाइसी एका खांबाला टेकून उभी होती. पाय सुजून भोपळ्यासारखे. मला वाटलं मिठी मारेल. तिने दंडावर एक सणसणीत चापट मारली आणि मग बाही धरली, ती पार्किंगपर्यंत सोडली नाही.

२० मार्च, दुपार
हॉस्पिटलचं नाव विचारून घेतलं. डॉक्टरचंही. चहा करून बघितला. तिने एक घोट घेतला आणि म्हणाली, राहू दे.

मग मी तिच्या आईबद्दल विचारलं. ती खूप वेळ बोलली. मी मध्ये एकदाही बोललो नाही. धीर द्यावा म्हणून जावयाच्या कायदेशीर हक्कांवर दोन शब्द सांगायला घेतले, तर ती माझ्या उजव्या हातावर डोकं ठेवून झोपलेली.

हात बधिर झालाय. हलवलेला नाही. डाव्या हाताने लिहितोय, म्हणून अक्षर असं.