शेजारी ठेवलेलं सूप

आई, परवा वर्गात बायकांना भिंतीला पाय लावून पडायला सांगितलं आणि तुझ्या टाचा आठवल्या. तू गेल्यानंतर मी बारामतीत योग शिकवायला लागले, हे तुला कुठून ठाऊक असणार! थकलेल्या, मनानं खचलेल्या बायका येतात. करायचं काहीच नसतं. कमरेखाली उशी, पाय भिंतीवर, डोळे मिटून संथ श्वास. एवढ्यासाठी अगं, क्लास लावतात! तू हे सांगवीच्या घरात कुणी न शिकवता करायचीस. उसातून आलीस की भांडी आवरून स्वयंपाकघरात आडवी व्हायचीस, पाय भिंतीवर आणि शेजारी तांदळाचं सूप. सून दिवसाढवळ्या लोळतेय असं सासऱ्याला दिसू नये म्हणून. "आबा आलं की हाक मार गं," म्हणायचीस, आणि मी उंबऱ्यात राखणीला. उठल्यावर भिंतीवरचे टाचांचे डाग ओल्या फडक्यानं पुसायचीस.

एकदा मला चेष्टा सुचली. आबा इंदापूरला गेलेले, तरी मी ओरडले, "आबा आलं!" तू धडपडून उठलीस, सूप उपडं झालं, चुलीपर्यंत तांदूळच तांदूळ. मी पोट धरून हसतेय. तू रागावलीही नाहीस. "ऱ्हाऊ दे, आता उठलेच हाय," म्हणालीस आणि तांदूळ गोळा करत बसलीस. त्यानंतर मला कधी राखणीला बसवलं नाहीस. पडतानाही कधी दिसली नाहीस. मला वाटलं, आईला आता बरं वाटतंय. काय अक्कल माझी!

गेले काही महिने माझंच अंग उचलत नाही. सकाळी उठावंसंच वाटत नाही. वर्गात तेवढी हसून बोलते. आज दुपारी म्हटलं, दुसऱ्यांना सांगतेस ते स्वतः कर की बाई. पडले. फाटक वाजलं आणि ताडकन उठून मेथीची जुडी मांडीवर ओढली. ती मीच शेजारी आणून ठेवली होती, निवडायची नसताना. दारात माझी सून. तिला काय कळायचं ते कळलं. "आई, तुम्ही पडा. कुणी आलं तर मी बघते," म्हणाली, जुडी उचलून घेतली आणि दाराशी निवडत बसली.

हे पाठवायचं तरी कुठं, म्हणूनच लिहिलं. मी पुन्हा पाय भिंतीला लावले, पण डोळे काही मिटले नाहीत. पोर इतकी गुणाची, तरी वाटत राहिलं, आता ही खोटंच ओरडेल.