मुलांपासून दूर

मुलुंड, ६ जानेवारी २०२४

ती. गंधालीताईस,
सा. न. वि. वि.

हे फोनवर बोलता येत नाही. हॉलमध्ये सासूबाई असतात, मध्येच रडू आलं तर काय सांगू? म्हणून कुरिअर.

परवा गार्गीला आंघोळ घालताना दिसलं. चार वर्षांची पोर, ताई, आणि वयात आल्यावर यायचे ते केस आत्ताच आलेत. घामाला मोठ्या माणसासारखा वास, कपाळावर पुटकुळ्या. शाळेत दोघांना ढकललं म्हणून बाईंनी मला बोलावून घेतलं. डॉक्टरांनी तपासून पोटाची सोनोग्राफी लिहून दिली. मी नेटवर वाचलं, आत गाठ असली की असं होतं म्हणे. मुकुलला सांगितलं तर तो तिला उघड्या खांद्यावर घेऊन घरभर फिरत राहिला.

तू वीस वर्षं मुलांच्या वॉर्डात सिस्टर आहेस. खरं ते सांग, नुसता धीर देऊ नकोस.

माया आहेच, आत्ता जरा जास्त लागेल.
तुझी अस्मिता


बोरिवली, ९ जानेवारी

चि. अस्मितास,
अ. आ.

सोनोग्राफी करच, टाळू नकोस. पण त्याआधी मुकुलला एक विचार, तो अंगाला कसलं जेल लावतो का? पुरुषांच्या हार्मोनचं, टेस्टोस्टेरॉनचं, जेल मिळतं. खांद्याला, दंडाला लावतात. हात न धुता, शर्ट न घालता मुलाला उचललं की ते मुलाच्या कातडीतून आत जातं. आमच्याकडे अशी एक केस आली होती. महिनाभर आम्ही गाठ शोधत होतो, कारण वडील सांगायला लाजत होते.

विचारताना आवाज चढवू नकोस. अंगात ते हार्मोन कमी असलं तर डॉक्टरच हे औषध देतात, त्यात लाजण्यासारखं काही नाही. हो म्हणाला तर जेलचं पाकीट घेऊन हार्मोनच्या डॉक्टरांकडे जा. तोवर त्याचे कपडे, टॉवेल, चादर वेगळी. तूही सांभाळ.

मला भीती वाटत नाही असं लिहिणार नाही.
तुझी ताई


मुलुंड, ८ मार्च

ती. ताईंस,
सा. न.

अस्मिता लिहिणार होती, मी म्हटलं मीच लिहितो. जेल माझंच. थकवा जाईना म्हणून तपासण्या केल्या, डॉक्टरांनी दिलं. घरी सांगितलं नाही. अस्मिताला मी कमी वाटेन असं वाटायचं. पाकिटावर मुलांपासून दूर ठेवा असं छापलं होतं. मी पाकीट माळ्यावर ठेवलं आणि पोरीला खांद्यावर घेतलं. आठ महिने.

तुमचं पत्र अस्मिताने माझ्यासमोर ठेवलं.

गाठ नाही. जेल बंद केल्यावर गार्गीचं रक्त ठीक आलं. पण एक्स-रेमध्ये हाडं साडेपाच वर्षांच्या मुलीची दिसतात. उंची लवकर थांबेल का, ते सहा महिन्यांनी कळेल म्हणतात. मला आता जेलऐवजी इंजेक्शन दिलंय, त्याने तिला धोका नाही असं डॉक्टरांनी दोनदा सांगितलं.

तरी हात पुढे होत नाहीत. ती हात वर करून उभी राहते आणि मी ऑफिसच्या बॅगेत काहीतरी शोधत बसतो. काल आईने विचारलं, पोरीने तुझं काय बिघडवलंय? तेव्हा तिलाही सगळं सांगितलं. ती म्हणाली, मग आता तरी घे ना तिला.

ताई, तुम्ही एकदा लिहा. उचलू का?

राग असेल तर तोही कळवा.
मुकुल


बोरिवली, ११ मार्च

चि. मुकुलास,
अ. आ.

उचल. रविवारी मी येतेय, पण माझ्यासाठी थांबू नकोस. पत्र खाली ठेव आणि उचल.

ताई