विनापरवाना प्रेक्षणीय असल्याबद्दलचा खुलासा

प्रति,
मा. ग्रामविकास अधिकारी,
ग्रामपंचायत कार्यालय, आंबेटेक,
ता. मावळ, जि. पुणे

विषय : माझ्या पडवीलगतची कणसांची टपरी न उठवण्याबाबत.
संदर्भ : आपली नोटीस, दि. १४ मे. (उत्तर दिलेले नाही.)

महोदय,

सदर नोटिशीला सात दिवसांत उत्तर द्यायचे होते. मी अकरा मसुदे केले आणि दर वेळी वाटले, आपलेच बरोबर असेल. आपले कार्यालय माझ्या घरापासून दोनशे पावलांवर आहे. पण समोर आलो तर "सहज आलो होतो" म्हणून परत फिरेन, सबब टपालाने कळवीत आहे.

१. मी विनापरवाना पर्यटनस्थळ चालवतो, असा आरोप आहे. वस्तुस्थिती अशी की, दोन वर्षांपूर्वी हिंजवडीच्या कॉम्प्युटर कंपनीतली काही मंडळी किल्ल्याची वाट चुकून आली. मी पडवीत वाचत बसलो होतो. दारी आलेल्यांना पाणी दिले, ताक दिले. जाताना त्यांनी मोबाइलच्या नकाशात माझ्या घराला 'आजोबा पॉइंट' असे नाव देऊन टाकले.

२. तेव्हापासून शनिवार-रविवारी गाड्या येतात. लोक मला पाहतात. मी लाजून आत गेलो, तर नकाशावर "पॉइंट बंद होता" असे लिहून एकच तारा देतात. एकाने लिहिले, "फोटोत बरे दिसतात, प्रत्यक्षात तितके खास नाहीत." यावर मी बरेच दिवस विचार केला. म्हणणे खोडता आले नाही.

३. नकाशाच्या कंपनीला कळवले की, हे ठिकाण नसून मी येथे राहतो. क्षणात उत्तर आले : व्यवसाय वाढवण्यासाठी ग्राहकांशी अधिक बोला. खाली विचारले होते, आपले समाधान झाले का? पलीकडे कोणी माणूस असलाच तर त्याला वाईट वाटू नये, म्हणून मी अंगठा वर केला.

४. शेजारच्या बयाबाई माझ्या पडवीला लागून कणसे भाजून विकतात. एकट्या आहेत, घर त्यावरच चालते. माझा खुलासा न आल्याने, त्यांची टपरी याच विनापरवाना स्थळाचा भाग धरून येत्या सोमवारी उठणार, असे आपल्या शिपायाने सांगितले. त्यावर बयाबाई मला म्हणाल्या, "आबा, लाजायचं तुमी आन् उठायचं म्या व्हय? काय बी लिवा, पर कागूद धाडा!"

५. तरी या अर्जाद्वारे लिहून देतो की, मी प्रेक्षणीय आहे. स्थळ मीच. बयाबाईंचा त्यात काही दोष नाही. परवाना माझ्या नावे करावा, दुपारी एक ते चार मला बंद राहण्याची मुभा असावी, आणि टपरी आहे तेथेच राहू द्यावी.

विलंबाबद्दल ओशाळलेला,
हौशीराम धोंडू केदारी
निवृत्त ग्रंथपाल
दि. ७ ऑगस्ट

सोबत : नोटिशीची प्रत, ताऱ्यांचा छापील कागद. मसुदे जोडलेले नाहीत.

ता.क. : हे कामशेतच्या टपाल कार्यालयात, पाकीट चिकटवण्यापूर्वी लिहीत आहे. खिडकीतल्या बाईंनी पाठवणाऱ्याचे नाव-गाव वाचून विचारले, "आजोबा पॉइंट म्हणतात ते तुम्हीच का?" मागे रांगेत सात माणसे होती. सर्वांना ऐकू जाईल असे मी "हो" म्हणालो. त्या म्हणाल्या, "मग द्या की इकडे."

देत आहे.