तिसऱ्या पायाचा खुलासा

तीर्थरूप ताईस,

शिरसाष्टांग नमस्कार. (शिर टेबलावर टेकवलं आहे, बाकीच्या सात अंगांना कंबरेची परवानगी नाही.) तुझा गुडघा कसा आहे? डाव्याचं विचारते आहे. उजव्याची तक्रार तू मागच्या पत्रात मागे घेतली होतीस. जिना चढताना कठडा धरतेस ना, की अजून खाली सातशे मुली बघताहेत अशा थाटात ताठ चढतेस? तुला मुख्याध्यापिकेच्या खुर्चीवरून उठून सहा वर्षं झाली, आता वाकलीस तरी चालेल. आम्ही सगळे मजेत. पत्र लिहिण्यास कारण काहीच नाही, सहज आठवण आली. (एवढं लिहून मी दोनदा उठले. एकदा खिडकी लावली, एकदा उघडली.)

तुला ठाऊक आहेच, गरम पाण्याच्या पिशव्यांना आम्ही लोकरी कव्हरं शिवतो आणि प्रत्येकाच्या कोपऱ्यात तीन पायांचं निळं बदक भरतो. ते बदक (जे तू काढलेलं नाहीस, मी काही म्हणत नाही) एकोणीस वर्षं आमचं नोंदणी केलेलं चिन्ह आहे. लोक कव्हर मागत नाहीत, बदक मागतात. गेल्या महिन्यात सून फोन नाकाला लावून आली आणि म्हणाली, "आई, आपलं बदक परदेशात पोचलं." मला इतका आनंद झाला की मी कात्री खाली ठेवली. "अहो आई, हसताय काय? चोरलंय कुणीतरी!" तीन समुद्रांपलीकडे कुणी गृहस्थ इंटरनेटवर तेच कव्हर, तीच चोच, तेच तीन पाय विकतोय. दर आठवड्याला दुकानाचं नाव बदलतो, बदक तेच. आम्ही त्याचं नाव बदकचोर ठेवलं, तेवढंच समाधान.

मग वकीलबाई. (माझ्या मैत्रिणीची मुलगी. तिच्या पहिल्या वाढदिवसाचा फ्रॉक मी शिवला होता, त्यामुळे तिचा काळा कोट बघून मला धाक म्हणून वाटत नाही.) तिनं समजावलं की चिन्हाची नोंदणी घराच्या किल्लीसारखी असते, आपल्याच दाराला लागते. प्रत्येक देशात वेगळी करावी लागते, आणि तिकडची नोंदणी बदकचोरानं दोन महिन्यांपूर्वी स्वतःच्या नावावर करून टाकली आहे. म्हणजे तिकडे आमचंच बदक आम्ही विकलं तर चोर आम्ही! मी पाणी प्यायले. तिनं पुराव्यासाठी त्याचं एक कव्हर मागवायला सांगितलं. ते आलं. मी चष्मा लावून खोट काढायला बसले आणि तासभर बसूनच राहिले. आमची बटणवाली (सतरा वर्षं आमच्याकडची सगळी काजं तीच करते) ते उलटंसुलटं करून म्हणाली, "बाई, याची काजं आपल्यापेक्षा बरी आहेत." त्या दिवशी तिनं चहा घेतला नाही.

पुढच्या दोन चुका माझ्या. त्याच्या दुकानाखाली पाच तारे होते. मला वाटलं, गुन्हा किती गंभीर ते विचारताहेत. पाचही दाबले. खाली पोटतिडकीनं लिहिलं, 'हे हुबेहूब आमच्यासारखं आहे. टाकासुद्धा तोच. बघून माझ्या डोळ्यांत पाणी आलं.' यंत्रानं त्याचं तिकडच्या भाषेत भाषांतर केलं. आता ते बदकचोराच्या दुकानात सगळ्यात वर झळकतं आहे आणि दोनशे चाळीस माणसांना ते उपयुक्त वाटलं आहे. दुसरी चूक तक्रारीच्या अर्जात. (इंटरनेटवरच्या ज्या कंपनीच्या बाजारात त्याचं दुकान, त्याच बाजारात आमचंही आहे.) एका चौकटीत खऱ्या मालाचा पत्ता द्यायचा होता, दुसरीत नकली मालाचा. मी दोन्ही दिले, फक्त चौकटी उलट्या झाल्या. पन्नास मिनिटांत कंपनीनं दुकान बंद केलं. मी सुनेला म्हटलंसुद्धा, "बघ, शिस्त म्हणतात ती ही!" तिनं फोन माझ्यापुढे धरला. बंद झालेलं दुकान आमचं होतं.

आज नववा दिवस. थंडीच्या हंगामाची खोकी जिन्यात रचली आहेत, आम्ही आडवे होऊन वर जातो. तिघी बायका रोज येतात, मशिनं पुसतात, पुसलेली पुन्हा पुसतात आणि जातात. काल बटणवालीनं विचारलं, सोमवारी यायचं ना? मी "हो तर!" म्हटलं, ते इतक्या मोठ्यानं की दोघी दचकलो.

कंपनीचं म्हणणं असं की बदक आपलंच, हे दोघेही सांगताहेत. बदकचोरानं लिहून दिलंय की तिसरा पाय हे मानवी जीवनातल्या समतोलाचं प्रतीक आहे. (मेल्याची जीभ तरी बघ.) तेव्हा पुढच्या गुरुवारपर्यंत तुम्हीही तिसऱ्या पायाचा खुलासा करावा, नाहीतर दुकान कायमचं बंद. हे वाचून वकीलबाई खुर्चीतून उठली. म्हणाली, चिन्हाचा हक्क सरहद्दीवर थांबतो, चित्राचा थांबत नाही. चित्र ज्यानं काढलं त्याचंच, तिकडेसुद्धा. "मावशी, मुळात हे काढलं कुणी?"

ताई, मी खिडकी पुन्हा लावली.

आपल्या शाळेतली ती मधली सुट्टी. कॉन्व्हेंटचा लांब व्हरांडा, नुकताच चुना दिलेली भिंत. तू पाण्याची बाटली विसरली होतीस म्हणून मी ती घेऊन आले. कुणीतरी (मी नाव घेत नाही) निळ्या खडूनं बदक काढत होतं. दोन पाय झाले आणि घंटा झाली. ते कुणीतरी पळालं, पळताना हातातला खडू भिंतीवरून खाली ओढला गेला. तोच तिसरा पाय. खडू पडला. पडलेलं उचलून ठेवायची माझी सवय. उचलला, आणि वळणावरून मोठ्या सिस्टर आल्या. 'मी भिंतीवर चित्रं काढणार नाही' वहीत शंभर वेळा, आणि तीन दिवस त्याच भिंतीशी उभी. तिथंच ते बदक मला पाठ झालं. ती वही अजून आहे, तारखेसकट, सिस्टरांच्या सहीसकट. वकीलबाईनं तिचा मुका घेतला. म्हणाली, मावशी, एवढा सज्जड पुरावा कुणाकडे असतो? गुन्हा तेव्हाच शाबीत झालाय, आता तुम्हीच काढलं म्हणून शपथेवर सांगा.

असो. तुला कशाला हा ताप? गुडघ्याला शेक घेत जा. मी दिलेलं कव्हर वापरतेस ना?

तुझी,
धाकटी

ता. क. : सोबत एक प्रतिज्ञापत्र आहे. 'ते बदक मी काढलं' एवढंच. भिंती रंगवल्या म्हणून तू तीस वर्षं मुलींना वर्गाबाहेर उभं केलंस, हे त्यात कुठंही लिहिलेलं नाही. मी वाचून घेतलं आहे.

ता. क. २ : तुला जमणार नसेल तर माझ्या नावाचं दुसरं टाइप करून ठेवलं आहे. मी त्याच्यासाठी एकदा उभी राहिले आहे, पुन्हा राहीन. राग अजिबात नाही, तेव्हाही नव्हता. फक्त शपथ घेऊन खोटं कसं बोलायचं ते सिस्टरांनी शिकवलं नाही, आणि तिसऱ्या पायाबद्दल विचारलं की माझे कान लाल होतात.

ता. क. ३ : वकीलबाईला प्रतिज्ञापत्राला जोडायला, ज्यानं काढलं त्याच्या हातचं एक बदक हवं आहे. कोरा कागद आणि निळा खडू पाकिटात घातला आहे. दोन पाय सावकाश काढ. मंगळवारी सकाळी बरोबर दहाला मी फोन करीन. उचलू नकोस, ती घंटा समज. पळताना डावा गुडघा सांभाळ.