एकट्या माणसांची क्वेरी

सोमवार

आले एकदाची! नोकरीही लागली आणि राहायला घरही मिळालं, तेही एकाच आवारात. संकुल चांगलं ऐसपैस आहे. मधे हिरवळ, कडेनं इमारती, तळमजल्यावर आमचं ऑफिस. दारांना किल्ल्या नाहीत, कार्ड दाखवलं की उघडतात. किल्ल्या हरवण्यात माझा हात कुणी धरू शकणार नाही, त्यामुळे ही सोय माझ्यासाठीच केल्यासारखी वाटली. ऑफिस चालवणाऱ्या बाईंना सगळे काकू म्हणतात. त्यांनी मला घर दाखवलं, गरम पाण्याचा नळ कोणता ते सांगितलं, आणि जेवलीस का, हे तीनदा विचारलं.

मंगळवार

कामाला लागले. रहिवाशांची सगळी माहिती डेटाबेसमध्ये आहे. ती काढायला आम्ही जी लायब्ररी, म्हणजे तयार कोडचा संच, वापरतो तिच्यात एकेक कडी जोडत जायची: सगळे रहिवासी घ्या, त्यातले भाडेकरू गाळा, त्यातले वरच्या मजल्यांवरचे गाळा, नावांप्रमाणे लावा. ही साखळी म्हणजेच क्वेरी, डेटाबेसला घातलेला प्रश्न. ती कितीही लांबवा, तोवर काहीच घडत नाही. टोकाला निकाल मागितला की मगच ती डेटाबेसवर जाऊन पडते. मला हे भारी आवडतं.

काकूंनी पहिली कडी सांगितली: एकटे राहणारे. दुरुस्तीवाल्यांना सोपं पडावं म्हणून. चुटकीसरशी लिहून दिली.

शुक्रवार

माझ्या समोरच्या दारात गाण्याच्या बाई राहतात. वय झालंय, शिकवणं सुटलंय, पण खोड गेलेली नाही. मी बाहेरून हाक मारली तर म्हणाल्या, हा सूर नाही, हा दाराच्या बिजागरीचा आवाज आहे. मग आत बसवून नीट हाक मारायला शिकवली! खूप हसलो. पोटचं कुणी नाही, जवळचं कुणी उरलं नाही, तू येत जा, म्हणाल्या. चष्मा डोळ्यांवर असूनही माझा हात धरून मला दारापर्यंत सोडायला आल्या. चष्म्याशिवाय तर त्यांना स्वतःचं दारही सापडत नाही.

आज काकूंनी दुसरी कडी मागितली: ज्यांच्याकडे बाहेरचं कुणी आलेलं नाही असे. कशाला, असं मी विचारलं. अशांची विचारपूस करायला नको का गं, म्हणाल्या. विचारल्याची माझी मलाच लाज वाटली.

बुधवार

बाईंचं दार सताड उघडं होतं. आत रंगारी भिंत रंगवत होते. काकू म्हणाल्या, मुलाकडे गेल्या.

मुलगा? कुठला मुलगा?

रंगाऱ्यांनी बाहेर ठेवलेल्या कचऱ्याच्या पिशवीत बाईंचा चष्मा दिसला.

गुरुवार

माझ्या शेजारी बसणाऱ्या सहकाऱ्याला सगळे मफलर म्हणतात. एसीपुढे बसतो, गळा कायम गुंडाळलेला. त्यालाही काकू एकेकच कडी सांगतात. त्याची कडी होती: ज्यांनी आणीबाणीसाठी कुणाचा नंबर दिलेला नाही असे. आपल्या कड्या जातात कुठे, असं मी त्याला विचारलं. त्यानं मान वर केली नाही. हळूच म्हणाला, "आपण आपली लिहावी आणि घरी जावं."

दुपारी मी शोधून काढलंच. सगळ्या कड्या एकाच साखळीत ओवलेल्या आहेत. एकटे. त्यातले ज्यांच्याकडे कुणी येत नाही. त्यातले ज्यांचं कुणी नाही. आणि टोकाला निकाल मागणारा शब्द नाही. तिथे 'डिलीट' लिहिलंय.

मग बाईंना शोधलं. त्यांचं नाव नाही, कार्ड नाही, वीजबिल नाही. त्या इथे कधी राहतच नव्हत्या, असं डेटाबेसचं म्हणणं.

शनिवार

मफलरची खुर्ची रिकामी. तोही एकटाच राहायचा. इथलाच रहिवासी होता.

पोलीस चौकीत गेले. तिथल्या अधिकाऱ्यानं शांतपणे ऐकून घेतलं, पाणी दिलं आणि माझ्यासमोरच काकूंना फोन लावला. काकू स्वतः गाडी घेऊन आल्या. नवीन आहे हो पोरगी, दमलीय, असं त्याला म्हणाल्या. परतताना सगळी वाट माझा हात त्यांच्या हातात होता. सोडवून घ्यायची हिंमत झाली नाही.

रविवार

टोकाचा शब्द काढून साखळी चालवून पाहिली. एकच ओळ आली. माझी.

कुणी येत नाही, या कडीतून सुटायचं तर कुणीतरी यायला हवं. ताईला फोन केला. माझी थोरली बहीण. नवऱ्याशी, सासूशी, बसवाल्याशी, कुणाशीही भांडून हवं ते करून घेते. खरं काही सांगितलं नाही, नुसतं रडले. मंगळवारी येते, म्हणाली. संगणकावर तिची पाहुणी म्हणून नोंद केली, आणीबाणीसाठी तिचाच नंबर भरला.

पुन्हा चालवली. निकाल रिकामा!

कितीतरी दिवसांनी पोटभर जेवले.

सोमवार

काकूंनी नवी कडी मागितली: ज्यांच्याकडे उद्या पाहुणे येणार आहेत असे. गाड्या लावायला जागा ठेवायची, म्हणाल्या. माझ्याकडे बघत होत्या. नाही म्हटलं तर त्यांना कळेल, मी अजून त्याच मागे आहे ते. म्हणून लिहून दिली. हसत हसत.

मंगळवार

साखळी बदललीय. कुणी येत नाही, ही कडी काढून टाकली. नंबर नाही, तीही. त्यांच्या जागी माझी कालची—

निकालात माझं नाव. नावापुढे, पाहुणी म्हणून, ताईचं.

मीच लिहून दिली. मीच.

दार उघडत नाही. कार्ड लावलं की लाल दिवा. पुन्हा लाल. फोन लागत नाही, ताईला नाही, कुणालाच नाही—

खिडकीतून फाटक दिसतंय. ताई आली. काकू पुढे झाल्यात, तिची बॅग घेताहेत. तिला काहीतरी सांगताहेत. ताई हसतेय.

खिडकीलाही कुलूप. ओरडले. काच जाड आहे, तिला ऐकू जात नाही—

वर बघतेय! मी दोन्ही हातांनी काच बडवतेय, जा म्हणतेय, मागे फिर म्हणतेय. तिला वाटतंय मी आनंदानं— ती पण हात हलवतेय, येतेच म्हणतेय, काकूंनी तिच्या पाठीवर हात ठेवलाय आणि त्या दोघी आत—