आमच्याकडे कुत्री दुःखाने जातात

२ मार्च

चि. धाकटीस, अ. उ. आ.

आईची कॉकर कुत्री जेवायला बसली की तिचे लांब कान ताटलीत बुडू नयेत म्हणून तू ते कपड्यांच्या चिमट्याने डोक्यावर धरून ठेवायचीस, आणि चिमटा काढल्यामुळे दोरीवरचा माझा फ्रॉक खाली. आज दवाखान्याच्या बाकावर तेच आठवत बसले होते. तिची पणती, आपली ठमी, आजारी आहे.

चार दिवस खात नव्हती. पिल्लं आता घरोघरी जाणार म्हणून हिरमुसली असेल, असं समजून मी नुसती कुरवाळत राहिले. पाचव्या दिवशी हिरड्या कागदासारख्या पांढऱ्या. डॉक्टर म्हणाले, शरीराचे पहारेकरीच स्वतःच्या तांबड्या पेशी मारताहेत. कॉकरमध्ये हे जास्त दिसतं, एकेका वंशात उतरतं. आधीच्या कशा गेल्या, असं विचारलं. मी म्हटलं, आमच्याकडे कुत्री दुःखाने जातात. ते म्हणाले, जाताना डोळे पिवळे झाले होते? आईच्या कॉकरचे झाले होते.

तुझी ताई

९ मार्च

ती. ताईस, सा. न. वि. वि.

म्हणजे बाबांच्या मागोमाग आठव्या दिवशी आईची कॉकर गेली, ते दुःख नव्हतं? तिचे डोळे पिवळे झालेले मीही पाहिले होते. आई म्हणाली, रडून झाले. तेवढं तरी मला राहू दे गं.

पण माझं पिल्लू रद्द झालं असं लिहू नकोस. हे गेल्यापासून घरात माझ्याच चपलांचा आवाज. टोपली आणून ठेवली आहे. जावई म्हणतात, सासूबाई टोपलीशीच बोलतात. तिला पुढे पिल्लं होतील, आईचं काहीतरी माझ्यामागेही राहील, एवढंच मनात होतं. ठमीचं लगेच कळव.

तुझी धाकटी

१७ मार्च

चि. धाकटीस, अ. उ. आ.

ठमी मंगळवारी गेली. गोळ्या झाल्या, दुसऱ्या कुत्र्याचं रक्तही दिलं. चार दिवस आधी नेली असती तर, हे मी रोज स्वतःला विचारते. तू विचारू नकोस.

आठव्या दिवसाचं मला ठाऊक नाही. आजार होता म्हणून माया नव्हती, असं थोडंच आहे?

पिल्लांना हे होईलच असं नाही, पण पुढे द्यायचं नाही. पिल्लं होऊ नयेत म्हणून तिघींचीही ऑपरेशनं करायची. आईच्या कॉकरचा वंश आपल्यापाशी थांबतो. एवढं वाक्य लिहायला मला दोन दिवस लागले.

थोरली माझ्या लेकीला. आळशी माझ्याकडे. ठमीच्या रक्ताच्या रिपोर्टची प्रत तिघींच्या डॉक्टरांना, लस टोचण्याआधी; लशीनंही हे कधी उठतं म्हणे. पांढऱ्या गळ्याची तुला. तिला टपालात घालता येत नाही, म्हणून शनिवारी मीच घेऊन येते.

माया आता तिच्यात आणि माझ्यात वाटून दे.

तुझी ताई